लेबर रूममध्ये काय, किती वेळ आणि का: कळांपासून पहिल्या दिवसापर्यंत

चैत्रपालवी

बाळंतपणाच्या अनुभवांचे धागे भरपूर आहेत. ते वाचून एवढंच कळतं की कुणाला सोपं गेलं, कुणाला जड. इथे तसं नको. दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून बाईला जे जे केलं जातं ते का, कितीदा आणि त्यात बिघडतं कुठे, तेवढं लिहूया. आकडे द्या. स्वतःची कहाणी दुसऱ्या धाग्यावर.

निघायचं कधी, इथून सुरू करते. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी कळ, एक कळ साधारण मिनिटभर, आणि असं तासभर सलग चाललं की निघावं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला इतकं थांबू नये, गर्भाशयाचं तोंड भराभर उघडतं. मोजताना कळ सुरू झाली तिथपासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ धरायचा. बरेच जण मधली शांत वेळ मोजतात आणि आकडा चुकतो. खोट्या कळा कूस बदलली, चाललं, पाणी प्यायलं की विरतात. खऱ्या कळा चालल्यावर जोर धरतात.

कळांची वाट न बघता निघायचं ते असं असेल तर: पाणी गेलं, रक्त जातंय, बाळाची हालचाल कमी झालीय, डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे चमकतंय, किंवा 37 आठवडे भरायच्या आत कळा येतायत. पाणी गेलं की घड्याळ बघून वेळ लिहा, पॅड लावा, रंग बघा. पांढुरकं किंवा किंचित गुलाबी ठीक. हिरवट-पिवळट म्हणजे बाळाने आत शी केलीय. पाण्याबरोबर नाळेचा पीळ बाहेर आल्यासारखा वाटला तर तो आत ढकलू नका, शक्यतो हातही लावू नका. गुडघे आणि छाती टेकून, कंबर वर करून राहायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची.

सुईदोरा

छान धागा. दाखल झाल्यावरचं लिहिते.

बीपी, नाडी, ताप, लघवीत प्रथिनं, पोटावरून बाळाची ठेवण, ठोके, मग आतून तपासणी. हाताला सुई लावतात ती 18 नंबरची (हिरवी) किंवा 16 नंबरची (राखाडी) असावी. बारीक सुईतून वेळेला रक्त भराभर चढत नाही. सलाईन सुरू नसलं तरी सुई लावून ठेवण्यात अर्थ आहे, कारण रक्त जायला लागलं की शिरा सापडत नाहीत.

आतल्या तपासणीनंतर 'किती झालं?' असं विचारलं की एकच आकडा मिळतो. तीन विचारा: गर्भाशयाचं तोंड किती उघडलं (हे सेंटीमीटरमध्ये), किती पातळ झालं, बाळाचं डोकं किती खाली आलं. तोंड तासन् तास चारवरच असेल, पण 40 टक्के पातळ होतं ते 90 टक्के झालं आणि डोकं उणे दोनवरून (कटीतल्या मधल्या खुणेच्या वरून) शून्यावर (खुणेपर्यंत) आलं, तर काम चाललंय. नुसत्या सेंटीमीटरवर बाई खचते आणि घरचेही.

तपासणी साधारण चार तासांनी पुरते. मध्ये करायची ती कारण असेल तर: जोर करावासा वाटतोय, ठोके बिघडलेत, भूल द्यायचीय. पाणी गेल्यावर दर तपासणीला जंतू आत जाण्याची शक्यता वाढते. एका तासात तीन जणींनी तपासलं तर 'आत्ताच झाली, नोंद बघा' असं सांगायला हरकत नाही.

तोलकाटा

सुईदोरा, एक भर. 'तासाला एक सेंटीमीटर' हा हिशोब अजून बऱ्याच ठिकाणी तोंडी आहे. त्याचं मूळ 1950 च्या दशकातल्या प्रसूतितज्ज्ञ फ्रीडमन यांच्या आलेखांत. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितलं की कळांचा खरा वेग पाच सेंटीमीटरनंतर धरावा, आणि तासाला एकपेक्षा हळू उघडतंय एवढ्यावरून औषध देऊ नये की सीझरही करू नये. 2020 मध्ये जुन्या पार्टोग्राफच्या (कळांची प्रगती नोंदवायच्या आलेखाच्या) जागी त्यांनी नवा तक्ता आणला. त्यात ठोके-नाडीबरोबर सोबतीला कुणी आहे का, बाई काही पितेय का, कोणत्या स्थितीत आहे, याच्याही नोंदी आहेत.

म्हणजे पाचच्या आधीच्या संथ कळा हा अडथळा नव्हे. तो टप्पा पहिलटकरणीला वीस-वीस तास चालू शकतो आणि त्यातला बराचसा घरी काढलेला बरा. लवकर दाखल झालं की पलंगावर पडून राहणं होतं, आणि मग हात रिकामे नसलेले लोक कळा वाढवायची ड्रिप लावतात.

निळीशाई

'वेळ लागतो' याचा अर्थ 'कितीही लागू दे' असा कुणी घेऊ नये म्हणून मर्यादाही लिहा. पाच सेंटीमीटरनंतर पूर्ण उघडेपर्यंत पहिल्या वेळी साधारण 12 तासांच्या आत, पुढच्या वेळी 10 च्या आत. पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर येईपर्यंत पहिल्या वेळी तीन तास, पुढच्या वेळी दोन. त्यापुढे जातंय तर कुणीतरी वरिष्ठाने येऊन बघायला हवं.

चैत्रपालवी

पोटाला पट्टे बांधून कागदावर आलेख निघत राहतो, तो सतत लागतो का? आणि त्याच्यावरचे आकडे बघून घरचे घाबरतात.

तोलकाटा

दोन पट्टे असतात. एक ठोके पकडतो, दुसरा पोट कडक झालेलं. दुसऱ्याचा आकडा कळ किती जोराची आहे ते सांगत नाही. फक्त कधी आली आणि किती टिकली ते सांगतो. पट्टा सैल झाला की आकडा पडतो. त्यामुळे 'मशीनवर कळ छोटी दिसतेय' असं बाईला सांगणं निव्वळ चूक.

ठोके मिनिटाला 110 ते 160. पण एवढ्यावर भागत नाही. रेघ थरथरती हवी, साधारण 5 ते 25 ठोक्यांचा चढउतार. सरळसोट रेघ म्हणजे बाळ झोपलेलं असू शकतं. झोप बहुतेक वेळा 40 मिनिटांत संपते, त्यापुढेही रेघ सपाटच राहिली तर विचार करायचा. कळेबरोबर ठोके उतरून कळेबरोबरच परत आले तर सहसा डोक्यावरच्या दाबामुळे. कळ संपत आल्यावर उतरून उशिरा सावरत असतील तर वारेकडून पुरवठा कमी पडतोय. मध्येच खोल खड्डा पडून पटकन भरला तर नाळ दाबली जातेय.

ठोके उतरले की पहिल्या दोन मिनिटांत करायचं ते साधं आहे: डाव्या कुशीवर वळवा, ड्रिप चालू असेल तर बंद करा, बीपी बघा, आतून तपासून नाळ खाली आलेली नाही याची खात्री करा. त्याच वेळी आईची नाडी हाताने धरावी. यंत्र कधीकधी आईचेच ठोके बाळाचे म्हणून दाखवतं आणि सगळे निर्धास्त राहतात.

सतत आलेख सगळ्यांना लागत नाही. कमी जोखमीच्या बाईला सुरुवातीच्या टप्प्यात दर 15 ते 30 मिनिटांनी, जोर करताना दर 5 मिनिटांनी, कळ संपता संपता आणि पुढे निदान मिनिटभर ऐकलं तरी चालतं. ड्रिप, एपिड्युरल (कंबरेतून दिलेली भूल), आधीचं सीझर, हिरवं पाणी, वाढलेलं बीपी यांत सतत. पट्टे बांधले म्हणजे उताणं झोपायलाच हवं असं नाही. बसून, उभ्याने, पलंगावर ओणवं होऊनही आलेख येतो, सिस्टरला पट्टा दोनदा सरकवावा लागेल इतकंच.

निळीशाई

कळा आणवायच्या असतील तर त्याचं वेगळं लिहिते, कारण तक्रारी सगळ्यात जास्त इथे येतात. 'सकाळी दाखल केलं, दुसरा दिवस उजाडला तरी काही नाही.' त्यात बिघडलेलं असं काही नसतं. तोंड तयार नसेल तर आधी ते मऊ करावं लागतं.

तयार आहे की नाही ते बिशप स्कोअरने ठरतं: उघडणं, पातळपणा, मऊपणा, तोंडाची दिशा आणि डोक्याची पातळी. कच्चं तोंड बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, पिकलेलं ओठासारखं. बेरीज सहा किंवा कमी असेल तर आधी मऊ करायचं. वाटा तीन. डायनोप्रोस्टोन जेल. मिसोप्रोस्टॉल, 25 मायक्रोग्रॅम, गिळायला, दर दोन तासांनी. किंवा फोलीचा फुगा (नळीच्या टोकाचा), गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवून 30 ते 60 मिलि पाणी भरून. तोंड तीन-चार सेंटीमीटर झालं की तो आपोआप निसटतो. आधी सीझर झालेल्या बाईला मिसोप्रोस्टॉल नको, जुना टाका उसवण्याची भीती. तिथे फुगा बरा.

मिसोप्रोस्टॉलची गोळी बाजारात 200 मायक्रोग्रॅमचीही असते. तिचे आठ तुकडे करून एक द्यायचा ही पद्धत धोक्याची आहे, तुकडे सारखे होत नाहीत. 25 ची गोळी मिळत नसेल तर 200 ची गोळी 200 मिलि पाण्यात विरघळवून दर वेळी ढवळून 25 मिलि पाजतात. ते तुकड्यांपेक्षा कितीतरी नेमकं.

मग ड्रिप. ऑक्सिटोसिन मिनिटाला 1-2 मिलियुनिटवर सुरू, अर्ध्या तासाने थोडं वाढवत, दहा मिनिटांत तीन ते पाच कळा येईपर्यंत. पाचापेक्षा जास्त कळा म्हणजे बाळाला मध्ये दम खायला वेळ नाही; ड्रिप कमी किंवा बंद. हे औषध काही मिनिटांत उतरतं, ही त्यातली सोय. जेल दिल्यावर सहा तास आणि मिसोप्रोस्टॉलनंतर चार तास ड्रिप लावायची नाही. पंपावर असावी. थेंब मोजून लावलेली ड्रिप बाईने हात वाकवला की थांबते, सरळ केला की धावते.

अर्धजागी

वेदना कमी करण्याबद्दल.

एपिड्युरल कंबरेत, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास. बसून पाठ गोल करायची किंवा कुशीवर गुडघे पोटाशी घ्यायचे. आधी कातडी बधिर करतात, ती टोचणी काय ती बोचते. मग जाड सुई, तिच्यातून बारीक नळी, सुई बाहेर, नळी पाठीला चिकटवलेली. कळ येतेय असं वाटलं की आधी सांगा, सुई थांबवता येते. मध्येच हललं तर नाही.

गुण यायला 15-20 मिनिटं. या वेळात दर पाच मिनिटांनी बीपी, कारण ते उतरतं आणि त्याबरोबर बाळाचे ठोकेही. हल्ली औषध पातळ देतात: ब्युपिव्हॅकेन 0.0625 ते 0.1 टक्का आणि त्यात फेंटानिल. पाय जड होतात पण हलतात. लघवीची जाणीव जाते, म्हणून दर तीन-चार तासांनी मूत्राशय रिकामं करायला हवं. भरलेलं मूत्राशय डोकं खाली येऊ देत नाही आणि 'भुलीमुळे अडलं' असं नाव पडतं.

एकाच बाजूला गुण आला तर नळी एका कडेला गेलीय. दुखणारी बाजू खाली करून झोपायचं, नळी सेंटीमीटरभर मागे घ्यायची, एक डोस द्यायचा. नाहीच जमलं तर नवीन नळी. 'आता सहन करा' हे उत्तर नव्हे.

प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर देता येत नाही. प्रतिबंधक मात्रेनंतर निदान 12 तास, उपचाराच्या मात्रेनंतर 24 तास गेलेले हवेत. म्हणून शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते लिहून आणा.

नको असेल तर नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचं निम्मं-निम्मं मिश्रण. कळ चढायला लागल्याबरोबर ओढायला सुरुवात करायची. कळ शिखरावर गेल्यावर ओढलं तर गुण येईतो कळ ओसरलेली असते. मास्क बाईनेच धरायचा, दुसऱ्या कुणी नाही. गुंगी आली की हात आपोआप खाली येतो, ती सुरक्षिततेची सोय आहे.

केशरपान

एपिड्युरलने सीझर होतं आणि कंबर जन्माची दुखते म्हणतात, ते?

अर्धजागी

दोन्ही नाही. जोर करायचा टप्पा लांबतो आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लागण्याचं प्रमाण पूर्वीच्या दाट औषधाने वाढायचं. सीझरचं प्रमाण वाढत नाही. टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखरं राहतं. कंबरदुखी एपिड्युरल न घेतलेल्या बायकांनाही तेवढीच असते.

खरा त्रास वेगळा आहे. साधारण शंभरात एकीला सुई पुढच्या पडद्यातून जाते. मग एक-दोन दिवसांत डोकेदुखी: बसलं की ठणका, आडवं झालं की उतार. असं झालं तर भूलतज्ज्ञाला कळवा. वेदनाशामकाने भागलं नाही तर बाईचंच 15-20 मिलि रक्त त्याच जागी सोडतात, बहुतेकींना लगेच आराम पडतो. आडवं झाल्यावरही न थांबणारी डोकेदुखी मात्र यातली धरू नका. आधी बीपी बघा.

सुईदोरा

जोर करण्याबद्दल. पूर्ण उघडलं म्हणजे लगेच जोर असं नाही. डोकं वर असेल आणि बाईला आतून जोर येत नसेल तर, विशेषतः एपिड्युरलमध्ये, तासभर थांबलं तरी चालतं. फुकटचा जोर करून बाई दमते. 'श्वास कोंडून दहा आकडे' हा आरडाओरडाही लागत नाही. आपोआप येतो तेवढा, कळेत तीन-चारदा जोर पुरतो. पोटावर कोपराने दाब देणं बंद व्हायला हवं. त्याने बरगडी मोडते, गर्भाशय फाटू शकतं, फायदा सिद्ध नाही.

डोकं दिसायला लागलं की जोर कमी, धापा टाकायच्या. इथे गरम ओल्या कपड्याचा शेक मायांगाला धरला की मोठ्या फाटण्याचं प्रमाण कमी होतं. खर्च काही नाही, तरी बहुतेक ठिकाणी करत नाहीत.

बाळाची वाट मोठी करायला घेतात तो छेद सरसकट घ्यायचा नाही. ठोके उतरलेत आणि बाळ लवकर काढायचंय, चिमटा लावायचाय, अशा वेळी. बधिर करून, कळेच्या शिखरावर, मध्यरेषेपासून साठ अंश तिरका. ताणलेल्या कातडीवरचे साठ अंश नंतर पंचेचाळीस होतात. सरळ खाली घेतला तर तो गुदद्वाराच्या स्नायूत जाण्याची भीती.

टाके घालण्याआधी आणि नंतर गुदद्वारातून बोट घालून तपासायला हवं. ते नकोसं वाटतं, पण स्नायू फाटलेला राहिला तर पुढे वारा आणि शी आवरत नाही. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचं (गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेलं) फाटणं ऑपरेशन थिएटरमध्ये, नीट भुलीत, भरपूर उजेडात शिवायचं. टाके विरघळणारे असतात, दोन आठवड्यांत त्यांचा जोर संपतो, काढावे लागत नाहीत. पहिला दिवस बर्फ कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, मधे विश्रांती. लघवी करताना वरून कोमट पाणी ओतलं की आग कमी.

आणि हे लक्षात ठेवा: टाक्यांचं दुखणं तासागणिक कमी व्हायला हवं. वाढतच चाललंय, गुदद्वाराकडे दाब वाटतोय, बसवत नाही, तर आत रक्त साकळत असू शकतं. बाहेर पॅड कोरडं असतं म्हणून हे निसटतं. 'टाके आहेत, दुखणारच' यावर समाधान मानू नका, बघायला लावा.

तोलकाटा

वार पडण्याकडे कुणी लक्ष देत नाही, सगळे बाळाकडे बघत असतात. बाईला खरा धोका तिथून पुढच्या दोन तासांत.

बाळ आल्यावर मिनिटभरात ऑक्सिटोसिन 10 युनिट, मांडीत किंवा शिरेतून सावकाश. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची, बाळाला लोह मिळतं. वार सुटल्याच्या खुणा: नाळ लांबते, रक्ताची एक धार येते, गर्भाशय गोल आणि कडक होऊन वर येतं. त्याआधी, गर्भाशय सैल असताना नाळ ओढली तर ते उलटं होऊन बाहेर येऊ शकतं. अर्ध्या तासात वार पडली नाही तर ती अडकली असं धरून हातपाय हलवायचे. पडलेली वार दोन्ही बाजूंनी पसरून बघायची, एखादा तुकडा कमी आहे का. आत राहिलेला तुकडा आज ना उद्या रक्त आणि ताप आणतोच.

किती रक्त गेलं हे डोळ्यांनी बघून सांगितलं की जवळजवळ नेहमी कमी भरतं. खाली मापाची पिशवी असलेली चादर हवी. मोजायचं, आणि मर्यादा ओलांडली की गर्भाशयाची मालिश, औषध, ट्रानेक्झामिक आम्ल (रक्त थांबवणारं), सलाईन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं, एकेक करून वाट बघायची नाही, या पद्धतीवरचा मोठा अभ्यास 2023 मध्ये आला. गंभीर रक्तस्राव 60 टक्क्यांनी कमी झाला होता. ट्रानेक्झामिक आम्ल 1 ग्रॅम, तीन तासांच्या आत. जितकं लवकर तितका उपयोग.

कारणं चार: गर्भाशय सैल, कुठेतरी फाटलंय, वारेचा तुकडा, रक्त गोठत नाही. पहिलं सगळ्यात जास्त, आणि त्यात पुष्कळदा मूत्राशय भरलेलं असतं. नळी घालून ते रिकामं केलं की गर्भाशय आवळतं. बीपी उशिरा पडतं, नाडी आधी वाढते. बीपी 110 आणि नाडी 120 हे चित्र ठीक नव्हे.

ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. ट्रॉलीवर दिवसभर उन्हाळ्यात पडलेल्या कुप्या निकामी होतात आणि मग 'औषध दिलं तरी गुण नाही'. मिथरजिन (गर्भाशय आवळणारं दुसरं औषध) बीपी वाढलेल्या बाईला द्यायचं नाही.

इवलीमूठ

बाळाचं थोडक्यात. रडलं आणि अंग घट्ट असेल तर पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर, वरून कोरडं फडकं, डोक्याला टोपी, निदान तासभर. वजन थांबू शकतं. पाणी हिरवं होतं म्हणून जोमदार बाळाच्या घशात नळी घालायची नाही. रडलं नाही तर पुसणं, चोळणं, आणि मिनिटाच्या आत मास्कने हवा. व्हिटॅमिन के 1 मिलिग्रॅम मांडीत. आंघोळ 24 तासांनी.

पहिल्या दिवशी चीक चमचाभरच येतो आणि बाळाला तेवढाच पुरतो. 'दूध नाही' म्हणून वरचं सुरू करण्याची घाई इथेच होते. पाजताना पहिल्या काही सेकंदांनंतरही टोचत राहिलं तर पकड चुकलीय, करंगळीने सोडवून पुन्हा लावा. पहिल्या 24 तासांत शू, 48 च्या आत काळी शी व्हायला हवी. वजन सात टक्क्यांपर्यंत उतरणं चालतं, दहाच्या पुढे नाही. पहिल्या 24 तासांत पिवळं दिसलं तर रक्त तपासायलाच हवं.

केशरपान

सीझर ठरलेलं असेल तर वेगळं काय?

निळीशाई

घन आहार सहा तास, साधं पाणी दोन तास आधी बंद. रात्री बारापासून पाणीही नाही, हे उगाच. प्रतिजैविक कापायच्या आधी द्यायचं. कण्यातल्या भुलीनंतर गार स्पर्श छातीपर्यंत लागत नाही हे तपासतात. ओढल्याचं, दाबल्याचं जाणवतं, दुखायला नको. दुखलं तर तेव्हाच बोला. बाळ दहाएक मिनिटांत बाहेर, शिवायला पुढे अर्धा-पाऊण तास. दात वाजतील इतकी थंडी भुलीने वाजते, ताप नव्हे. पाय हलायला लागले की त्याच दिवशी आधाराने उठवायचं. पायांत रक्ताची गुठळी टाळायला त्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. बाकीचं वेगळ्या धाग्यात, इथे मावणार नाही.

चैत्रपालवी

घरी सोडण्याआधी काय काय विचारून घ्यावं?

सुईदोरा

लघवी झाली का आणि किती. बाळंतपणानंतर किंवा नळी काढल्यावर सहा तासांत चांगली 200 मिलि व्हायला हवी. थेंब थेंब होतेय म्हणजे झाली असं नव्हे, मूत्राशय तुडुंब असू शकतं. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन 72 तासांच्या आत दिलं का, त्याची नोंद कागदावर आहे का. शेवटचं बीपी किती. टाके कोणत्या श्रेणीचे, हे लेखी. परत कधी यायचं ते दिवसाने नव्हे, लक्षणाने: तासाला एक पॅड भिजतोय, लिंबाहून मोठ्या गाठी, 38 च्या वर ताप, घाण वास, एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, धाप, तीव्र डोकेदुखी. बीपी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत भडकू शकतं, आधी कधी वाढलेलं नसलं तरी.

केशरपान

वेदनाशामक गोळ्या अंगावर पाजताना चालतात का? घरी गेल्यावर बहुतेक जणी बंदच करतात.

अर्धजागी

पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही चालतात, दुधात नगण्य उतरतात. दुखेल तेव्हा एखादी घेण्यापेक्षा पहिले तीन-चार दिवस वेळेवर घ्या. पॅरासिटामॉल 1 ग्रॅम सहा-सहा तासांनी, दिवसाला चार ग्रॅमच्या वर नाही. वजन 50 किलोपेक्षा कमी असेल तर मात्रा कमी, ती डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम आठ तासांनी, खाल्ल्यावर. बीपी वाढलेलं, मूत्रपिंडाचा त्रास, पोटात व्रण किंवा दमा असेल तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नको. कोडीन असलेल्या गोळ्या टाळा. काही जणींच्या शरीरात त्याचं मॉर्फीन भराभर होतं, दुधातून बाळाला गुंगी येते आणि श्वास मंदावतो. घरात जुन्या खोकल्याच्या औषधातही ते असू शकतं, बाटलीवरचं वाचा.